समुद्रावर वाळत घातलेलं धोतर

समुद्राला रोज पूर येतो, ही गोष्ट आमच्या उंब्रजात कुणालाच ठाऊक नव्हती.

लढाई नुकतीच संपली होती आणि मला एक मुलगी सांगून आली होती. तिचे वडील फलटणकडचे, पण नोकरीला कोकणातल्या एका बंदरावर पोलीस हवालदार. म्हणून आई, फौजेतून सुटून आलेले माझे चुलते तात्या आणि मी, असे तिघे मालमोटारीत गुळाच्या ढेपांवर बसून घाट उतरलो. बोलणी दुपारी होती आणि आम्ही सकाळीच पोचलो. (खोटं कशाला बोलू, मला मुलीपेक्षा समुद्राचीच घाई झाली होती!)

आणि काय तो समुद्र! नारळींच्या मागे एवढासा किनारा, हत्तीएवढाले काळे धोंडे, आणि धोंड्यांच्या मधे हिरवेगार डोह! कृष्णेच्या पुरात पोहणारा गडी मी! लंगोटावर धावत गेलो, सूर मारला आणि तोंडभर खारं पाणी पिऊन ओरडलो, "तात्या, आवं लय झ्याक हाय!"

आईचं लक्ष माझ्या कपड्यांकडे होतं. नवं धोतर, नवा सदरा, नवा फेटा, सगळं गुळानं चिकट झालेलं. दुसरा जोड आणलाच नव्हता. त्यात आमच्याकडे पाणी आणि दगड एका जागी दिसले की बायकांचे हात शिवशिवतात.

"ह्येवढं पानी, ह्येवढं धोंडं, आन् पावण्याच्या दारात असली कापडं घालून जायाचं व्हय?"

"धुवा की, वैनी," तात्या म्हणाले. "म्या फौजेत समुद्र बघितलाय. काय हुत न्हाई." (जहाजावर तात्या सारा वेळ ओकत आडवे पडले होते, हे आम्हाला फार पुढे कळलं.)

आईनं कपडे आपटून आपटून धुतले, पाण्याकडच्या धोंड्यांवर पसरले आणि आम्ही भाकरी खाऊन नारळीखाली जरा पडलो. जाग आली ती आईच्या किंचाळण्यानं.

"आरं, धोंडं कुटं गेलं?"

"वैनी, पूर आला!" तात्या उडालेच.

"पाऊस न्हाई, ढग न्हाई, पूर कसला?"

लांबवर माझा फेटा ऐटीत परदेशी निघाला होता! मी उडी घेतली. लाटेनं मला उचललं आणि एका बुडत्या धोंड्यावर नेऊन आदळलं. तिथंच मी मिठी मारून बसलो आणि बोंब ठोकली, "बुडालो! दोर टाका!"

वरच्या घरातून खाकी कपड्यातला एक माणूस धावत आला. मागून विहिरीचा दोर घेऊन एक मुलगी.

"आवं, ह्यो पूर न्हाई, भरती हाय! रोजच येती," तो माणूस म्हणाला. "कुनीकडची मंडळी?"

"उंब्रजची," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "हवालदारांची पोरगी बघाय आलोय."

"हवालदार मीच की! आन् नवरा मुलगा कुटाय?"

आईनं धोंड्याकडे बोट दाखवलं. मुलीनं दोर फेकला. कृष्णेच्या पुरात पोहणारा हा गडी त्या दोराला धरून, लंगोटावर, होणाऱ्या सासऱ्यापुढे येऊन उभा राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं!

दुपारी बोलणी झाली तेव्हा मी हवालदारांच्या पायजम्यात बसलो (त्यात माझ्यासारखे दोघे मावले असते). मुलगी चहा देऊन आत गेली, तरी तिच्याकडे मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही. शेवटी आईनंच चाचरत विचारलं, "पोरीनं आमचा बाबू नीट बघितला न्हवं?"

आतून तिचा आवाज आला, "आता आनखी बघायचं ऱ्हायलंय काय?"