धोतीवाली मराठी साडी

रायपुरात पंडरीच्या कापडबाजारात जाताना मला नेहमी तीच ई-रिक्षावाली भेटायची. नाव कधी विचारलं नाही. सगळे दीदीच म्हणायचे. निघण्याआधी ती ओढणीनं आरसा पुसायची आणि मागच्या सवाऱ्यांशी आरशातूनच बोलायची.

माझी बायको शिवलेल्या नऊवाऱ्या विकते. पण इंटरनेटवर शोधलं की आमची वेबसाइट चौथ्या पानावर यायची. पाडव्यापर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर मशीन बंद करणार, असं तिनं ठरवलं होतं. त्या दिवशी मी रिक्षात बसून वेबसाइटवाल्याशी फोनवर वाद घातला. तो म्हणत होता, जाहिरात द्या.

फोन ठेवल्यावर दीदीनं विचारलं, "वेबसाइटवर लिहिलं काय हाये, भाऊ?"

"पारंपरिक महाराष्ट्रीय परिधान."

"असं कोन इचारते? माह्या रिक्षात बाया म्हणतात, 'दीदी, वो धोतीवाली मराठी साड़ी, सिली हुई, कहाँ मिलेगी?' लोकं बोलतात तसंच लिहा ना."

मी जाहिरातीचा विचार सोडला आणि तिनं सांगितलेलं बायांचं वाक्य जसंच्या तसं वेबसाइटच्या मथळ्यात टाकलं. बायकोला ते गावंढळ वाटलं. पण महिन्याभरात आम्ही पहिल्या पानावर सर्वांत वर होतो. पाडव्याआधी बाहेरगावाहून, अभनपुरहूनसुद्धा मायलेकी आल्या, आणि बायकोला दुसरी मशीन घ्यावी लागली.

मी मुद्दाम दीदीला गाठून हे सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही.

"मंग? रायपुरात कुठं काय मिळते, हे लोकं आधी मलेच तर इचारून राहिले."