सहा चाकांची नाव

जमिनीवर आणि पाण्यावर, दोन्हीकडे चालणाऱ्या जुन्या गाड्या दुरुस्त करायचा नाद मला चाळिशीनंतर लागला. अंबडच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. आठवडाभर मालकाची मशिनं चालू ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून पंख्याकडे बघायचं, अशी माझी गत होती. एकदा कामानिमित्त मालेगावला गेलो असताना एका भंगारवाल्याच्या आवारात ती दिसली. मोठ्या टबासारखी फायबरची बॉडी, दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर टायर, आणि स्टिअरिंगच्या जागी दोन दांडे. कुठल्यातरी बंद पडलेल्या बोट क्लबातून ती आली होती. आत पिंपळाचं रोप उगवलं होतं.

मी ती उचलून आणली. वर्षभराने सुट्या भागांसाठी तसलीच दुसरी, मोडकी, मिळाली. दोन्हींची मिळून एक धड गाडी करायला मला तीन वर्षं लागली. चिरा गेलेली बॉडी रेझिन लावून सांधली. सहाही चाकं आतल्या साखळ्यांवर फिरतात. त्या साखळ्या आणि बेअरिंगं मालेगावच्या एका चाचांनी जमवून दिली. चाचा मुळात यंत्रमागाचे मिस्त्री. गाडीकडे बघून म्हणाले, "हे तर मागापेक्षा सोपं आहे. फक्त ह्याला पाण्यात जायचं वेड आहे."

गाडी पहिल्यांदा धरणाच्या फुगवट्यात उतरवली तेव्हा माझ्या शेजारी दाजी बसले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात माझ्या ह्या उद्योगाला सगळे हसायचे. दाजी मात्र दर भेटीत पहिला प्रश्न गाडीचाच विचारायचे. त्या दिवशी टायर गरगर फिरत होते आणि आम्ही माणसाच्या चालीपेक्षाही हळू पुढे सरकत होतो. दाजी पाण्यात हात घालून बसले होते. "लय झ्याक," एवढंच म्हणाले.

ही गाडी साचलेल्या पाण्यासाठी आहे, हे मला तेव्हापासून माहीत होतं. पाण्याला ओढ असली की ती पाचोळ्यासारखी वाहत जाते. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे केलं ते मी अजाणतेपणी केलं नाही.

ताईचा मळा निफाड तालुक्यात, गोदाकाठी. दाजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा ते नाशिकला डायलिसिसला यायचे. त्या ऑगस्टमध्ये धरणांतून सलग पाणी सोडत होते. नदी मळ्यात शिरली, रस्ता बुडाला आणि दाजींची एक खेप चुकली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"त्यांना आडवं होता येईना रे. झोपले की दम लागतो. रात्रभर बसूनच होते. पाय बघ कसे टरटरलेत."

"बचावपथकाच्या बोटीचं काय झालं?"

"कालपासून येते म्हणतायत. आम्ही गच्चीवर आहोत. खाली ओट्यावर पाणी आलं." मग ती म्हणाली, "तुझी गाडी येईल का रे?"

आमच्या ताईने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "येतो."

बायकोने दारात अडवलं. "तूच सांगतोस ना, वाहत्या पाण्यात ती चालत नाही?"

"मळ्यात पाणी साचलेलं असेल. ओढ नदीच्या बाजूला असते."

"असेल म्हणजे? तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. ओळखीच्या एकाच्या पिकअपमध्ये गाडी चढवली आणि निघालो. रस्ता पाण्यात जात होता तिथे दहा-वीस माणसं उभी होती, एक पोलीसही होता. आम्ही गाडी उतरवू लागलो तसा तो पुढे आला.

"कुठं चालले? आत नका जाऊ. बोट यायलीय."

"किती वेळात?"

"पलीकडच्या वस्तीवर गेलीय. तिथलं झालं की इकडंच."

"माझ्या मेहुण्यांना श्वास घेता येत नाहीये."

त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "येईल हो बोट," तो परत म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता आणि मी तेवढ्याचाच आधार घेतला. लाइफ जॅकेटं दोन होती. एक अंगात घातलं, एक पायाशी टाकलं आणि गाडी पाण्यात घातली.

जाताना काही अडलं नाही. विजेच्या खांबांच्या रेघेने रस्ता कळत होता. एका ओढ्यापाशी पाण्याने बाजूला ढकललं, पण निभावलं. अर्ध्या तासात मी ताईच्या घराच्या जिन्याला लागलो. शेजारच्या मळ्यातली माणसंही तिच्याच गच्चीवर आली होती. दोघांनी दाजींना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. त्यांचा चेहरा सुजून वेगळाच दिसत होता. बोलताना दर दोन शब्दांनी श्वास तुटत होता.

"ताई, तू?"

"मला जागा कुठाय? त्यांना ने. मी बोटीने येईन." तिने दाजींच्या मांडीवर दवाखान्याच्या फाइलची प्लास्टिकची पिशवी ठेवली, त्यांच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले आणि जिन्यावर मागे सरली.

परत निघालो तेव्हा ओढ्यापाशी चित्र पालटलं होतं. तासाभरात पाणी चढलं होतं आणि रस्त्यावरून आडवा लोंढा चालला होता. त्यात एक अख्खं बाभळीचं झाड वाहत गेलं. तिथून जाणं म्हणजे नदीत जाणं. डाव्या हाताला शेतांवर पाणी मात्र संथ होतं, चहाच्या रंगाचं, अगदी गुळगुळीत. मी गाडी डावीकडे वळवली. लांब फेरा पडला असता, पण पोचलो असतो.

पाण्यातून मधूनमधून लोखंडी अँगलांची टोकं वर आलेली दिसत होती. मला वाटलं, कुणाचं तरी कुंपण असेल. ती द्राक्षाची बाग होती. मालकाने वेली तोडून टाकल्या होत्या, म्हणून वर एकही पान दिसत नव्हतं. मांडवाच्या तारा मात्र तशाच ताणलेल्या होत्या, पाण्याच्या वीतभर खाली, ओळीमागून ओळी.

आधी खरवडल्यासारखा आवाज आला. मग उजवीकडचं मधलं चाक थांबलं आणि गाडी जागच्या जागी गर्रकन फिरली. मी इंजिन बंद करेपर्यंत चाकांनी तार गुंडाळून घेतली होती. तारेने उजवी बाजू खाली खेचली. पाणी त्या कडेवरून आत यायला लागलं.

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

"तार आलीय चाकात. काढतो."

बुडी मारता यावी म्हणून जॅकेट काढून ठेवलं आणि पक्कड घेऊन मी पाण्यात उतरलो. तळ लागला नाही. पायाने चाचपडत असताना खालची दुसरी तार सापडली, तिच्यावर उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं. एका हाताने गाडीची कड धरायची, श्वास रोखून खाली जायचं, हाताला लागेल ती तार धरून पक्कड दाबायची. गढूळ पाण्यात डोळे उघडून उपयोग नव्हता. जाड तार होती. एक पीळ तुटायला तीन-चार बुड्या लागत होत्या आणि चाकावर किती पीळ आहेत ते कळत नव्हतं. माझ्या खालची तार हलायची आणि पाय सुटायचा. दोनदा मी गाडीखाली ओढला गेलो.

वर आलो की दाजी दिसायचे. ते कमरेपर्यंत भिजले होते. पाणी उपसायचा छोटा पंप घरघरत होता. दाजी एका हाताने फाइल डोक्याशी धरून दुसऱ्या हाताने डब्याने पाणी बाहेर टाकत होते. दोन डबे टाकले की थांबायचे, तोंड उघडं ठेवून श्वास शोधायचे, परत डबा बुडवायचे.

"दाजी, राहू द्या. बसून राहा नुसते."

"नाय. बसलं की... जास्तच... लागतो."

मग पंप बंद पडला. मी मोबाइल काढून बघितला, तो मेला होता. ओरडलो. आजूबाजूला नुसतं पाणी आणि लांब कुठेतरी गच्चीवर बांधलेलं कुत्रं भुंकत होतं. मी परत बुडी मारली. त्यानंतर किती बुड्या मारल्या ते आठवत नाही. तळहात फाटले होते आणि पक्कड धरता येत नव्हती. मी गाडीच्या कडेला डोकं टेकवून रडलो. दाजींनी माझ्या ओल्या केसांवर हात ठेवला.

"वर ये," ते म्हणाले. "दमला असशील."

मी वर गेलो नाही. माझं वजन पडलं असतं तर गाडी आणखी बसली असती. मी तसाच तारेवर उभा राहून दाजींची पाठ धरून ठेवली, म्हणजे त्यांना ताठ बसता यावं. ते थंडीने कापत होते. ते कापणं माझ्या तळहाताला अजून कळतं.

बोट आली ती ताईच्या घराच्या दिशेने. बोटवाले आधी तिच्याकडे पोचले होते. आम्ही तासापूर्वीच निघालो हे तिने सांगितलं, आणि आम्ही काठाला लागलो नाही हे त्यांनी काठावर फोन लावून तिला सांगितलं. ती बोटीत बसून आली. आम्हाला पहिल्यांदा तिनेच पाहिलं. दाजींना चौघांनी बोटीत ओढून घेतलं तेव्हा तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "चढ."

दाजींचं डायलिसिस त्याच दुपारी झालं. दुसऱ्या दिवशी ताप भरला. छातीत न्यूमोनिया निघाला आणि नवव्या दिवशी ते गेले. मी डॉक्टरांना एकट्याने गाठून विचारलं, पाण्यात भिजल्यामुळे झालं का. ते म्हणाले, "फुप्फुसात पाणी आधीपासून होतं. कशाने झालं ते नक्की सांगता येणार नाही." त्यांनी दयेपोटी तसं सांगितलं की ते खरं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मला एवढं ठाऊक आहे की मी गेलो नसतो तर तीच बोट, त्याच वेळी, दाजींना गच्चीवरून कोरडं उचलून घेऊन गेली असती.

दहाव्याला नदीवर ताई माझ्याशेजारी बसली होती. मी म्हणालो, "ताई, मी थांबायला हवं होतं." ती म्हणाली, "मी बोलावलं म्हणून तू आलास." तिने शिव्या घातल्या असत्या तर मला घेता आल्या असत्या. हे मला घेता आलं नाही.

पाणी ओसरल्यावर गाडी त्या बागेत चिखलात कलंडून पडली होती. बागेचा मालक माझ्याबरोबर आला आणि तारा तोडू लागला. "वेली काढल्या तवाच तारा काढायला पायजे व्हत्या," तो म्हणाला. त्या दिवसांत जो तो स्वतःचीच चूक शोधत होता.

गाडी मी थेट मालेगावला नेली आणि चाचांना म्हटलं, ठेवून घ्या, मोडा, काही करा.

"मोडायला एक दिवस पुरतो," चाचा म्हणाले. "आधी उघडून तर बघू."

मला उघडायची नव्हती. तरी बसलो. चाकातून नारळाएवढा तारेचा गोळा निघाला. तोडायचे आणखी सहाच पीळ उरले होते. चाचांनी ते मोजले नाहीत, मी मोजले.

त्यानंतरचे सहा-सात महिने मी दर रविवारी मालेगावला जात होतो. कारण विचारलं तर सांगता आलं नसतं. घरी बसलो की ते सहा पीळ मोजत राहायचो आणि तिथे पाना हातात असला की मोजणं थांबायचं. आम्ही चाकांच्या आतून पत्र्याची झाकणं बसवली, म्हणजे तार, वेल, दोरी काही आत जाणार नाही. पुढे तारा कापायला एक धारदार पाती लावली. सगळं साधं काम होतं. आधी सुचलं असतं तर दोन रविवारांत झालं असतं. पाती घासताना एकदा मी पान्याने ती बॉडी ठोकायला लागलो. फायबरला भोक पडलं तरी थांबेना. चाचांनी मागून माझे हात धरले आणि मी शांत होईपर्यंत धरून ठेवले. पुढच्या रविवारी ते भोक मीच बुजवलं.

गाडी आता चालू आहे. मी ती पाण्यात घातलेली नाही. काठापर्यंत नेली होती एकदा, फुगवट्याला, आणि गिअर टाकता आला नाही.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. कांद्याचं, नातीच्या शाळेचं बोलून झालं. मग तिने विचारलं, "गाडी झाली म्हणे?"

"झाली."

"मग पावसाच्या आत इकडे मळ्यात आणून ठेव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कशाला?"

"शेजारची सून पोटुशी आहे, श्रावणात दिवस भरतील. पाणी काय, यंदाही येईल. बोट आली तर आलीच. नाही आली तर? आणि चालवायला तू ये. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"ताई, माझ्याच्याने होणार नाही."

"बघ," ती म्हणाली. तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पलीकडे तिच्या ओट्यावर कुणीतरी धान्य पाखडत होतं. तो आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मी अजून तिला हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायलाही तोंड उघडत नाही.