दुरुस्तीची तारीख

मी सांभाळते तो प्रोग्रॅम दिसायला अगदीच भिकार. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की हजारभर फाइलींची नावं एका फटक्यात बदलतात. मुळात तो माझा नाहीच. परदेशात कुणीतरी लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीसाठी लिहून सगळ्यांना मोकळा करून दिलेला. मी तो विंडोजवर चालता केला, त्यातल्या चुका काढते आणि पुन्हा फुकट वाटते. ऑफिसातून निवृत्त झाले, मागोमाग आई गेली. भोईवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दुसरं करण्यासारखं उरलं होतं काय? शेजारच्या काकी म्हणतात, "फुकटचा काम कित्याक करतंस गो?" लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय.

पण त्या भाकऱ्या खाणारं एक माणूस मला मेल लिहायचं. कोकणातल्या एका छोट्या वाचनालयाचे ग्रंथपाल. जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून त्यांना ओळीने नावं द्यायला ते हा प्रोग्रॅम वापरत. 'ताई, सप्रेम नमस्कार' अशी सुरुवात, दोन ओळींत तक्रार, आणि मग आंब्याला मोहोर किती आलाय, वाचनालयाच्या कौलांवर माकडांनी काय धुडगूस घातला, हे सगळं. शेवटी 'जेवलात का?' काकी तेवढंही विचारत नाहीत, त्या वासावरून ओळखतात. खोटं कशाला सांगू, मी त्या मेलची वाट बघायचे.

चार तारखेला त्यांनी कळवलं, फाइलीचं नाव देवनागरीत असलं की प्रोग्रॅम 'अशी फाइलच नाही' म्हणतो. चूक मला त्याच दुपारी सापडली. सुधारली, दोनदा तपासली आणि दुरुस्त प्रत पाठवली नाही. पाठवली की मेल थांबणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारलं, विंडोज कुठलं? उत्तर आलं, मोहोर गळाल्याच्या बातमीसकट. मग पडद्याचा फोटो मागितला. मग फाइलींची यादी. मला त्यातलं काहीच नको होतं. असे आठ दिवस मी मजेत काढले, त्याची आता लाज वाटते.

बारा तारखेला दुरुस्त प्रत पाठवली. असा मोकळा प्रोग्रॅम बदलून वाटायचा, तर काय बदललं आणि कधी, हे सोबत लिहावं लागतं. मूळ परवान्यातच तशी अट आहे. मी जन्मभर आवक-जावक नोंदवही सांभाळलेली बाई. हाताने आपोआप खरी तारीख लिहिली. चार.

ती नोंद सहसा कुणी वाचत नाही. ग्रंथपालांनी वाचली.

"ताई, दुरुस्ती चार तारखेची दिसते. दहाला वाचनालयाची पाहणी होती. तोवर मी आणि सौ. रोज बसून हाताने नावं बदलत होतो. आता उत्तम चालतंय. आभारी आहे."

माकडांचं काही नव्हतं. जेवलात का, तेही नव्हतं.

मी खरं ते लिहून पाठवलं. तुमचे मेल यावेत म्हणून अडवून ठेवलं, चुकले, माफ करा. उत्तर आलं नाही.

परवा एक बारीकशी चूक माझी मलाच सापडली. तासाभरात सुधारली, त्याच दिवसाची तारीख घातली आणि नवी प्रत सगळ्यांसाठी ठेवून दिली. मग मेल उघडून बसले. कुणाचीच काही तक्रार नव्हती.