उजवीकडच्या पट्ट्या

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंधळगावच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासत होते. ताई नेहमीसारखीच ओरडून बोलली. कानाने अधू नवऱ्याशी बोलून बोलून तिचा आवाज कायमचा चढलेला, त्यामुळे ‘गेले वो तुये भाऊजी’ हे शेजारी बसलेल्या बाईंनाही ऐकू गेलं. त्याला आता काही आठवडे झाले... पण मला एका जागी बसवत नाही. दर रविवारी तुमसरला ताईकडे जाते, चहा अर्धा टाकून उठते, झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. हे लिहितानाही मध्येच उठून आले.

भाऊजी चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीखाली ड्रिल चालवायचे. निवृत्त होऊन तुमसरला घर बांधलं तोवर त्या मशीनने त्यांचे कान खाल्ले होते. ठार बहिरे नव्हते ते. राईस मिलची घरघर, ट्रक, ढोलकीचा ठेका नीट कळे. कुकरची शिटी, पैंजण, बायकांचं बोलणं मात्र गायब. ‘तुमी बोलता तं मले नुसतं गुणगुण वाटते,’ असं ते मला म्हणत. श्रवणयंत्र आणलं, तर ‘डोक्यात भुंगा सोडल्यावानी होते’ म्हणून कपाटात टाकलं. मला राग येई. घरच्यांसाठी माणसाने एवढंही सोसू नये?

मग त्यांच्या मुलाने, निखिलने, नागपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि भाऊजींना त्यातला इक्वलायझर सापडला. पडद्यावर उभ्या पट्ट्यांची रांग. डावीकडे जाड आवाजांच्या, उजवीकडे बारीक आवाजांच्या. भाऊजींनी उजवीकडच्या सगळ्या वर ढकलल्या. गाण्यात बाई गाते आहे हे कळायला लागलं, पण आवाज फाटू लागला. त्यांनी स्पीकर बदलला, वायर बदलली, दुकानदाराशी भांडले. शेवटी निखिल आला तेव्हा त्याने समजावलं, की आवाजाला वर एक हद्द असते. पट्ट्या चढवल्या की तो हद्दीवर आदळतो आणि त्याचं टोक कापलं जातं. म्हणून जेवढं चढवायचं तेवढी आधी सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी मुख्य पट्टी खाली आणायची, आणि कमी पडलेला आवाज स्पीकरच्या बटणाने वाढवायचा. भाऊजींना ते लगेच पटलं. ‘खाणीत डोकं वाकवून जावं लागते, तसंच हाये हे,’ म्हणाले.

त्यांना खरं तर एकच आवाज हवा होता. ताई जयंतीला विहारात भीमगीतं गाते. भाऊजी पहिल्या रांगेत बसून तिचे ओठ बघायचे. एका वर्षी त्यांनी रेकॉर्डिंग लावून मोबाईल थेट भोंग्यासमोर ठेवला, जास्त आवाज भरावा म्हणून. भरला तो फाटकाच. घरी पट्ट्या खाली-वर करून ते थकले, पण भरतानाच कापलेलं टोक नंतर कुठून आणणार! मी वैतागून म्हटलं, ‘भाऊजी, गाणारी सयपाकघरात हाये, तिलेच म्हणा ना.’ ताई आधी फणकारली, ‘आता कायले? जनम गेला.’ मग हात पुसून आली. मोबाईल लांब ठेवला, ती बेताने गायली. भाऊजींनी ते कॉम्प्युटरवर घेतलं, मुख्य पट्टी खाली, उजव्या वर... आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहराच उतरला.

‘निखिलची माय, तू म्हातारी कधी झाली वो?’

त्यांच्या कानात लग्नातली ताई राहिली होती. ताई हसली, मग रडली. पुढे ते गाणं रोज लागे. भाऊजींसाठी चढवलेला तो बारीक आवाज ताईला नि मला सुया टोचल्यासारखा लागे. मी तर उठून परसात जायची.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या निखिलने परत जाण्याआधी कॉम्प्युटर साफ करून दिला, नवा प्लेअर टाकला. पट्ट्या सगळ्या मधोमध. ताईने आपलं गाणं लावलं. मऊ, गोड आवाज. ‘आता कसं छान वाटते, आई,’ तो म्हणाला. ताईने गाणं मध्येच थांबवलं. ‘हा माया आवाज मी काय करू? त्यायले ऐकू ये तसा पायजे मले.’ पण भाऊजींच्या पट्ट्या कुठवर होत्या ते कुणालाच माहीत नव्हतं. निखिल कसनुसा झाला. त्याचं तरी काय चुकलं?

गेल्या रविवारी गेले, तर ताई भाऊजींच्या खुर्चीत बसलेली. तिचंच गाणं सुरू होतं. ती एकेक उजवी पट्टी वर सरकवायची, थांबायची, डोळे मिटून ऐकायची, मान हलवून आणखी वर न्यायची. आवाज फाटला तशी तिने मुख्य पट्टी खाली ओढली आणि स्पीकर वाढवला. मी दारातच कानांवर हात ठेवून उभी होते.

‘ताई, कान दुखतीन ना वो!’

शेवटची पट्टी जराशी वर गेली आणि तिचा चेहरा कळ आल्यासारखा आवळला.

‘हां... रोज एवढंच दुखे,’ ती म्हणाली, आणि माऊसवरचा हात काढला.