भिसे खिंडीतली काँटेसा

रोह्याच्या जितेश ठाकूरच्या गॅरेजात ट्रकच यायचे, स्प्रिंगचे पाटे बदलायला. त्यामुळे आरोन रोहेकरांनी वडिलांची पांढरी काँटेसा आणून उभी केली, तेव्हा तो हरखलाच. अशी लांबलचक, दांडगी गाडी आता कुठे बघायला मिळते!

"वळणावर होडीसारखी कलंडते रे," आरोनकाका म्हणाले. "माझी बहीण फ्लोरा येतेय इस्राएलहून. हिच्यातूनच विमानतळावर गेली होती, आता हिच्यातूनच घरी आणायचीय. पण तिला गाडी लागते."

जितेशने पुढे कडक स्प्रिंग टाकले, मागचे पाटे वाढवले. वर मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा जाड स्टॅबिलायझर बार बसवला, गाडी कलंडू नये म्हणून. कोरड्या रस्त्यावर चालवून बघितली तर गाडी न कलंडता वळली. एका वळणावर तेवढं मागचं अंग जरा उडाल्यासारखं वाटलं. खडी असेल, असं त्याने मनाशी धरलं.

काका फ्लोराला आणायला विमानतळावर गेले आणि दुपारी पावसाची सर आली. ओला रस्ता बघून जितेशला ते उडालेलं मागचं अंग आठवलं. खडी नव्हतीच ती. मागची बाजू फार ताठ झाली होती. ओल्यात चाकं रस्ता सोडणार.

त्याने काकांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"काय झालं वो?" बायकोने, नमिताने विचारलं.

"गाडीचं काम चुकलं माझं. जातो समोर."

पाने-पक्कड पिशवीत टाकून तो मोटरसायकलवर निघाला. समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी बघून जीव वर यायचा आणि ती दुसरीच निघायची. भिसे खिंडीत काँटेसा दिसली, रस्त्याला आडवी, मागचं चाक गटारात. त्याने मोटरसायकल कडेला लावली आणि तो धावला.

फ्लोरा कठड्यावर बसली होती. काका शेजारी, चेहरा पांढराफटक.

"लागलं का, मावशी?"

"नाय रे. शेपूट फिरली नि थांबली."

"माझ्यामुळं झालं."

काका उठून गटारातलं चाक बघायला गेले.

एका टेम्पोवाल्याने दोर लावून गाडी वर ओढली. जितेश चिखलात आडवा झाला आणि त्याने तो बार सोडवला.

"आता परत कलंडेल ना?" फ्लोराने विचारलं.

"व्हय. पण सरकणार नाय."

"मग तूच चालव."

मोटरसायकल तिथेच ठेवून जितेश स्टिअरिंगवर बसला. गाडी संथ, डुलत उतरली. फ्लोराला दोनदा ओकारी झाली; दर वेळी त्याला गाडी थांबवावी लागली. घराच्या दारात उतरून ती तोंड धुवायला गेली, तेव्हा काका पहिल्यांदा बोलले, "उद्या ये. नीट बघू."

नंतर जितेशने मागचे जादा पाटे काढले, जाड बार पुढे घातला आणि मागे बार ठेवलाच नाही, म्हणजे मागची चाकं रस्ता धरून राहतील. ओल्या रस्त्यावर, आधी एकट्याने, मग काकांना शेजारी बसवून पुन्हा पुन्हा चालवून बघितली. आता काका त्याच गाडीने बाजारात जातात. फ्लोरा मात्र परत जाताना विमानतळाकडे ट्रेनने गेली.