दीड बादली पाणी

पूर्णगडच्या अलीकडे, समुद्रावरच्या चढाला एक आगर आहे. खाली नारळ-पोफळी, वरच्या अंगाला काजू. त्या काजूंच्या सावलीत तेव्हा तीन कॅरव्हॅन उभ्या असायच्या. कॅरव्हॅन म्हणजे जीपच्या मागं जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, न्हाणी, संडास सगळं. आता तिथं सात गाड्या आहेत आणि कामाला आम्ही चौघं. टाकीत घालायच्या भुकटीची तयार पाकिटं येतात, पाण्याला मोटर आहे. पण माझ्या मनात घर करून आहे तो पहिला हंगाम. त्या गाड्यांच्या पोटातल्या टाक्या सांभाळणारा मी एकटाच होतो आणि रोज सकाळी उठलो की वाटायचं, आज आपल्याला इथून घालवून देणार.

मी इकडचा नाही. बीडकडचा, बालाघाटाच्या डोंगरातला. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढं पुण्यात एका गॅरेजात लागलो आणि तिथूनच पहिली कॅरव्हॅन पोचवायला ड्रायव्हरबरोबर या आगरात आलो. कुंभार्ली घाट उतरताना मागची खोली अशी हेलकावत होती की संगमेश्वरला चहा प्यायला थांबलो तेव्हा मी आधी मागं जाऊन ती अजून जोडलेली आहे ना ते बघितलं. आगराच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, ड्रायव्हरला विचारलं, "हे सांभाळायला कुणी माणूस मिळेल का हो?"

ड्रायव्हरनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला ठेवा. खातो कमी, भितो जास्त."

मी राहिलो.

काका उभं आयुष्य बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना, म्हणून कॅरव्हॅन पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा हा उद्योग. काकूंना तो मुळीच पसंत नव्हता. कॅरव्हॅनला त्या "ह्यांचे डबे" म्हणायच्या. कारण होतं बावीचं. बाव म्हणजे विहीर. ती चढाच्या पायथ्याला होती, आणि काकूंच्या घराखेरीज शेजारची दोन घरं तिचंच पाणी पीत. मी आलो त्याच दिवशी काकूंनी मला बावीच्या काठावर उभं केलं.

"हा सगळा जांभा दगड. ह्याला भोकंच भोकं. वर सांडलं की खाली उतरलंच म्हणून समज. एक हंगाम बघणार मी. बावीच्या पाण्याला वाईच जरी वास आला, तर त्याच दिवशी ह्यांचे डबे गेटाबाहेर." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आणि तू पण."

तेव्हापासून बाव हीच माझी काळजी झाली. गाड्या राहिल्या तर मी राहणार होतो.

काम काकांनी शिकवलं. प्रत्येक गाडीखाली दोन टाक्या. एकीत ओट्याचं आणि अंघोळीचं पाणी. ते कर्दळीच्या वाफ्यात सोडायचं. दुसरी संडासाची. ती भरत आली की जाड पाइप लावून तीन कप्प्यांच्या पक्क्या खड्ड्यात रिकामी करायची, आणि खड्ड्यातून झिरपून येईल ते पुन्हा कर्दळीला, केळीला.

"टाकी म्हणजे पोट आहे," काका म्हणायचे. "आत लाखो जंतू कामाला आहेत. घाण पचवतात, वास मारतात. त्यांना भरपूर पाणी दे आणि विष घालू नको. फिनेल नाही, ॲसिड नाही, ते बाजारातलं निळं औषध तर नाहीच नाही. ते वास मारतं तसं त्यांनाही मारतं. मग तेच खड्ड्यात जातं, खड्डाही मरतो, आणि मेलेल्या खड्ड्यातलं जातं कुठं?"

मी बावीकडं बघायचो.

जंतूंची भुकटी रत्नागिरीहून यायची. संध्याकाळी कोमट पाण्यात गूळ विरघळवून त्यात ती कालवायची, झाकण सैल ठेवायचं. सकाळी बादलीवर जाड फेस, आणि वास इडलीच्या आंबलेल्या पिठासारखा. तो वास मला अजून आवडतो. गूळ देताना काकू रोज म्हणायच्या, "माझ्या गुळावर कुणाकुणाला पोसतायत हे!" पण द्यायच्या, आणि ढेपेचा एक खडा माझ्या हातावरही ठेवायच्या. संडासाचं भांडं घासायला रिठ्याचं पाणी आणि लिंबाची सालं. टाकी रिकामी केली की आत दीड बादली स्वच्छ पाणी ओतायचं, वर तांब्याभर फेसाचं, मगच पाहुण्यांना चावी. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. शाळा सुटल्यानंतरची ती माझी पहिली वही.

फक्त त्यातली दीड बादली माझ्या हातून होईना.

आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर यायचा. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांचं खरकटं पाणी म्हशीला. तांब्या कलंडला तर घरातलं कुणीतरी जागेवर ओरडायचं. अशा घरातल्या माणसानं बावीचं नितळ पाणी संडासाच्या टाकीत ओतायचं! हात पुढं व्हायचाच नाही. मी अर्धी बादली ओतायला लागलो, मग दोन तांबे. पुढं तर संडासाला पाणी पुरवणारा छोटा नळही पान्यानं आवळून ठेवला, म्हणजे पाहुण्यांकडूनही नासाडी नको. "पाणी जरा जपून, साहेब," असंही सांगायचो. पाहुणे कौतुक करायचे. आपण काकांचं पाणी वाचवतोय याचा मला केवढा अभिमान! घरी फोन केला की आईला सांगायचो, गाड्या सांभाळतो. गाडीचा कुठला भाग, ते कधी सांगितलं नाही.

एप्रिलात ते अंगाशी आलं. काका एका लग्नाला देवरूखला गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरचं एक कुटुंब यायचं होतं, म्हणून आदल्या सकाळीच तिसऱ्या गाडीला पाइप लावला आणि व्हॉल्व्ह ओढला. थोडं काळं पाणी आलं आणि थांबलं. काटा मात्र टाकी अजून अर्धी भरलेली दाखवत होता. पाण्यावाचून आतलं सगळं थिजून बसलं होतं. ऊन चढलं तशी दुर्गंधी आगरभर झाली.

काकू पदर नाकाला लावून आल्या. "काय मेलंय काय रे तिथं?"

"उन्हानं येतोय वास, काकू."

"आजच ऊन पडलं होय?" असं म्हणून त्या गेल्या, पण जाताना दोनदा वळून बघितलं.

माझ्या हत्यारांच्या पेटीत एक बाटली होती. स्वतःची कॅरव्हॅन घेऊन आलेला एक पाहुणा ती विसरून गेला होता, निळं औषध. टाकून द्यायला हवी होती, पण वस्तू टाकायची सवयच नाही. मी संडासातून अर्धी बाटली आत ओतली. तासाभरात वास गेला. दवाखान्यासारखा गोडसर दर्प तेवढा राहिला. मी काजूखाली बसून घाम पुसला आणि वाटलं, सुटलो.

मग फेसाची बादली उचलायला गेलो आणि हात तिथंच थांबला. आता ती कुणाला घालायची? आतलं सगळं मेलं होतं. आणि हे निळं पाणी आज ना उद्या खाली खड्ड्यातच सोडायचं होतं.

कुणी बघत नव्हतं. अजून थोडं पाणी ओतून, काठीनं ढवळून व्हॉल्व्ह ओढला असता तर कुणाला कळलंही नसतं. मी वाकून दांड्याला हातही लावला. खाली शेजारच्या वहिनी कळशी भरत होत्या. आमच्या गावात एकदा टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास होता. दुसरं नव्हतं म्हणून आठ दिवस आम्ही तेच प्यालो होतो, नाक दाबून. ती चव तोंडात आली. दांडा सोडला आणि सरळ मागच्या पडवीत गेलो. काकू कोकमं फोडत बसल्या होत्या.

"काकू, माझ्या हातून वाईट काम झालं. टाकीत निळं औषध वतलं मी."

कोकमाच्या रसानं लाल झालेले हात तसेच वर धरून त्या म्हणाल्या, "खाली सोडलंस?"

"नाही."

"थेंब तरी?"

"नाही, काकू. आईची शपथ."

"आईला कशाला मध्ये आणतोस मेल्या! ह्यांना फोन लाव आधी. आणि मग नीट रड."

मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं.

काका दुपारीच परतले. येताना जेट्टीवरून माशांच्या बर्फाची तीन घमेली घेऊन आले. बर्फाचे तुकडे संडासातून टाकीत ओतायचे, वर पाच-सहा बादल्या पाणी आणि थोडा साबण, आणि गाडी खडबडीत जागेवरून ओढायची. आत बर्फ आणि पाणी आपटून थिजलेलं सुटतं. जीप काकांनी चालवली, मी मागच्या कॅरव्हॅनवर डोळा ठेवून धावत. वरच्या कातळावर आम्ही गोल गोल फिरत होतो. गुरं घेऊन आलेले एक आजोबा काठी टेकून उभेच राहिले.

"वरात कुणाची ओ?"

"आमच्या टाकीची!" काका ओरडले.

"आणि नवरा का मागून धावतोय?"

काका हसले. धावता धावता मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातून मैला उपसणारी गाडी बोलावली. निळं पाणी आमच्या खड्ड्यात न घालता, जिथं त्याची व्यवस्था लावतात तिथं गेलं. कोल्हापूरच्या मंडळींना काकूंनी घरातच माडीवर उतरवलं आणि असा काही पाहुणचार केला की त्यांनी डब्याची आठवणही काढली नाही.

कॅरव्हॅन धुताना काकांना तो नळ सापडला. "हा कुणी आवळला?"

मी सगळं सांगितलं. टँकर, म्हशीचं पाणी, दोन तांबे. आता शिव्या येणार म्हणून खाली बघत उभा राहिलो.

काकांनी पेटीतून पाना काढला. मग म्हणाले, "बोटीवर गोडं पाणी कमी पडलं की मी पण अस्साच वागायचो. घरी आल्यावर वर्षभर ही अंघोळीला दोन बादल्या द्यायची आणि मी एक परत करायचो." त्यांनी नळ सैल केला. "पण हे पाणी वाया जात नाही रे. कर्दळीला जातं, केळीला जातं. इथं कंजूषपणा केला की घाण तेवढी उरते."

मग त्यांनी माझ्याकडून दीड बादली ओतून घेतली, समोर उभं राहून. मला ती जन्मभराच्या पाण्याएवढी वाटली.

त्यानंतर महिनाभर मी रोज सकाळी बावीचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगायचो. काकूही हुंगायच्या, मी बघत नाही असं बघून. मे संपत आला, पाहुणे थांबले, आम्ही गाड्यांवर ताडपत्र्या बांधल्या. काकूंचा एक हंगाम संपला होता आणि त्या काहीच बोलल्या नव्हत्या. विचारायची माझी छाती नव्हती. मी आपली पिशवी भरली आणि निरोप घ्यायला पडवीत गेलो.

काकूंनी पिशवीकडं पाहिलं. "ही कुठं निघाली?"

"हंगाम संपला ना, काकू."

"पावसात बाव काठोकाठ भरते. खालून पाणी वर चढतं, तेव्हा तो खड्डा कसा राहतो ते बघायला नको? हे आपले दुखरे गुडघे घेऊन उतरणारेत होय तिथं?" त्यांनी पाटीतली फोडायची राहिलेली कोकमं माझ्यापुढं सरकवली. "ठेव ती पिशवी आत. आणि आईला फोन कर, दिवाळीपर्यंत येत नाही म्हणून. तिला नीट सांग, काम काय आहे ते. लाजायचं काय त्यात?"

मी फोन लावला. आईला टाक्या, फेस, जंतू, बाव, सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "अन् पाणी चांगलं हाय का रं तिथलं?"

"चांगलं हाय," मी म्हणालो. "मी रोज पितो."