वाडीवरचं गवत आणि पिल्लांच्या उवा

मे २००२, रविवार, माणिकपूरचा आमचा फ्लॅट. हजर: मी, नवरा, पाचवीत जाणारी मुलगी, भुईगावहून आलेल्या सासूबाई, थोरले दीर आणि खोक्यातली गिनीपिगची दोन पिल्लं. गैरहजर: अक्कल.

पिल्लं भाऊजींनीच, म्हणजे दिरांनी दिलेली. भुईगावच्या वाडीवर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी त्यांनी गिनीपिगची जोडी पाळली होती. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलीने हट्ट धरला आणि आईचं दूध सुटताच पिल्लं आमच्याकडे आली. थोड्याच दिवसांत काळं पिल्लू कानामागे खाजवायला लागलं. मग मानेवरचे केस गेले, मग खाणं कमी झालं. केस बाजूला करून पाहिलं, तर मुळाशी फिकट, लांबट किडे पळत होते.

"आई, हे मरणार का?" मुलीने विचारलं.

"नीट उपचार केले तर नाही," मी म्हटलं. उपचार सुचवणाऱ्यांना तर त्या सकाळी तोटाच नव्हता.

"खोबरेलात कापूर घालून चोळा," सासूबाई म्हणाल्या, "आणि आधी पोरीचं डोकं बघा." त्यांनी तिथल्या तिथे फणी मागवली आणि पिल्लांचे किडे नातीच्या वेण्यांत शोधत बसल्या. नवरा शेजाऱ्यांच्या कुत्र्याची गोचिडांची पावडर मागायला निघाला. तो कुत्रा वासराएवढा आणि हे पिल्लू माझ्या तळहातावर मावणारं, पण एवढा हिशोब रविवारी कोण करतो? भाऊजी मात्र सगळ्यांच्या वर निघाले.

"केळीवर मारतो ती पावडर आहे वाडीत. चिमूटभर टाक. एक किडा राहायचा नाही."

"पिल्लूही राहायचं नाही, भाऊजी."

"तू शिकलेली बाई. तुला सगळ्यातच विष दिसतं."

डब्यावर कवटीचं चित्र असतं, ते बहुधा शोभेसाठी काढत असावेत.

सोमवारी मी पिल्लं प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेली. या उवा गिनीपिगवरच जगतात, माणसाला लागत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. पिल्लांचं वजन केलं आणि त्या मापाने मानेवर थेंब सोडले. लिखा औषधाने मरत नाहीत, म्हणून ठरलेल्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं. मी खोकं फेकलं, प्लास्टिकचा टब आणला, तो गरम पाण्याने धुऊन गच्चीत उन्हात वाळवला आणि गवत रोज बदललं. दुसरी मात्राही वेळेवर झाली. काळं पिल्लू कोथिंबिरीसाठी शिट्या मारायला लागलं.

त्यानंतरच्या रविवारी भाऊजी नेहमीसारखे वाडीवरचं गवत घेऊन आले आणि दोन दिवसांत पिल्लू पुन्हा खाजवायला लागलं.

"सांगितलं होतं ना, डॉक्टरचं औषध म्हणजे पाणी," नवरा म्हणाला. पावडर मागायला गेलेला हा माणूस.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. भाऊजी पुन्हा आले तेव्हा गवत दारातच ओतून घेतलं आणि ज्या बारदानातून ते आलं होतं ते उलटं केलं. आतल्या शिवणीत तांबूस केस अडकले होते. वाडीवरची जोडी तांबूस होती.

"भाऊजी, हे बारदान एरवी कुठे असतं?"

"पिंजऱ्यात. त्या जोडीच्या खाली." आवाजात अभिमान होता. "रविवारी सकाळी काढायचं, झटकायचं, गवत भरून इथे आणायचं, परत गेल्यावर पुन्हा अंथरायचं. वाडीत काही वाया जात नाही."

उवासुद्धा नाहीत. आईबापांच्या अंगावरच्या उवा हा माणूस दर आठवड्याला भुईगावहून पिल्लांना घरपोच करत होता.

मी तसं सांगितलं, तर ते उठून उभे राहिले. "वाडीच्या गवताला नावं ठेवतेस?"

"गवताला नाही, बारदानाला."

"तेही वाडीचंच आहे!"

तेव्हा मुलगी पिल्लू छातीशी धरून मध्ये आली. "काका, परत ते पोतं आणलंत तर मी दार उघडणार नाही."

सासूबाईंनी तिचा उद्धटपणा काढला, नवऱ्याने माझे संस्कार काढले. पिल्लाच्या मानेवरचे नवे ओरखडे कोणीच पाहिले नाहीत. पण त्यानंतर गवत वाडीतल्या घराच्या माळ्यावरून, पिशवीत भरून यायला लागलं. मी उपचार पुन्हा पहिल्यापासून केले आणि पावसाळा संपेपर्यंत काळ्या पिल्लाच्या मानेवर दाट, चकचकीत केस आले. श्रेय सासूबाईंनी कापराला दिलं. कापूर देवघराबाहेर आलाच नव्हता.

वाडीवरच्या जोडीलाही मीच जाऊन औषध घातलं आणि बारदान जाळायला सांगितलं. "होळीला जाळतो," भाऊजी म्हणाले. होळी झाली. परवा त्यांचा फोन आला. "नवी पिल्लं झालीत. ती पण खाजवतायत. तुझ्या त्या औषधात काही दम नाही."

"त्यांच्याखाली काय अंथरलंय, भाऊजी?"

"वाडीत काही वाया जात नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी मी भुईगावला जाते आहे. औषध घेतलं, वजनकाटा घेतला, काडेपेटी घेतली. बारदान अजून जाळायचं आहे.